डोलकाठीवर लूमची गाठ

समुद्रावर माणूस मोकळा होतो, असं लिहिणारे बहुधा किनाऱ्यावर बसून लिहितात. विद्यार्थ्यांना खलाशीकाम शिकवणाऱ्या आमच्या शिडाच्या जहाजावर मी सहा आठवडे काढले. टेमघरच्या कापड कारखान्यात दोन लूमच्या मधे माझ्या वडिलांना मिळते, तेवढीच जागा केबिनमध्ये माझ्या वाट्याला आली होती. फरक इतकाच, की शिफ्ट संपली की ते बाहेर पडतात.

शेवटी मी घरी जायची परवानगी मागितली. कप्तानांनी सहीही दिली. जहाज एका बंदराबाहेर नांगर टाकणार होतं, कुणी मोठे पाहुणे बोटीने भेटीला येणार होते. परतीच्या बोटीत मी जायचं. अट एकच, आधी मानवंदनेला उभं राहायचं. पुढचं बंदर तीन आठवड्यांवर होतं. मी सकाळीच सगळं सामान भांडारात जमा केलं, कमरेचा चाकूसुद्धा.

मानवंदना म्हणजे पांढऱ्या कपड्यांत डोलकाठीवरच्या आडव्या काठीवर रांगेने उभं राहणं. कमरेच्या पट्ट्याची कडी तिथल्या तारेत अडकवतात. माझा त्या कडीवर विश्वास नव्हता. मी पट्ट्याची दोरी तारेला वेगळी बांधली, वडील तुटलेल्या धाग्याला मारतात त्या गाठीने. "बाय, ही मारली का मागं बघायचं न्हाय," ते म्हणायचे. कापडात दिसू नये म्हणून त्या गाठीला शेपूट, म्हणजे मोकळं टोक, ठेवत नाहीत. खलाशी मात्र ते लांब ठेवतात, कारण त्यांना गाठ सोडायचीही असते. हे मला शिकवलं होतं. हाताला आठवलं नाही.

पाहुणे छताखाली सागराच्या मुक्त हाकेवर बोलत राहिले. वर आमच्यावर एक सर येऊन गेली, दोर भिजून आवळला. मग उतरायचा हुकूम झाला. माझी जागा टोकाची, रांगेतल्या सगळ्या मुली माझ्याआधी उतरल्या. माझी नखं तुटली, गाठ हलेना. पट्टा सोडून उतरण्याइतकी माझी छाती नव्हती.

खाली पाहुणे बोटीत बसत होते. मी ओरडले, पण बँड वाजत होता. एक हात जोरजोरात हलवला. पाहुण्यांनी वर पाहिलं, भारावले आणि मला सलाम केला. बोट निघाली. मला न्यायचंय हे बोटवाल्याला मीच सांगायचं होतं, असं नंतर कळलं.

बऱ्याच वेळाने खलाशांचे प्रमुख, रत्नागिरीचे म्हातारे सारंग वर चढून आले.

"काय गो, वर बिऱ्हाड केलंस?"

"गाठ सुटत नाही, सारंगकाका."

त्यांनी ती अंगठ्याने चाचपली. "ही सुटते कशी?"

"सोडायची नसतेच ती."

"मग जहाजावर कशाला आणलीस?" त्यांनी चाकू काढून दोर कापला.

बोट तोवर बंदराच्या भिंतीआड गेली होती. खाली आल्यावर मी भांडारात सही करून माझा चाकू परत घेतला.