शेवटचा फर्मा

मनोहरपंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या बराकपूरच्या शाखेत कामात होतो. रिसीव्हर ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो हा, की आता शेवटचा फर्मा कोण देणार? अशा वेळी माणसाला काय सुचेल, सांगता येत नाही...

पंत खिदिरपूरला कस्टममध्ये होते. रविवारी बालीगंजच्या त्यांच्या घरी आम्हा मराठी मंडळींचा अड्डा जमायचा. सुट्टीवर गेलेलं कुणी पुण्याहून परतलं की एखादी रहस्यकादंबरी यायची. प्रत एक आणि वाचणारी घरं सात-आठ! मग पंत ब्लेडने शिवण उसवून पुस्तकाचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुडगे, सुटे करायचे आणि ते घरोघर फिरायचे. शेवटचा फर्मा मात्र पंतांच्या कपाटात. प्रत्येकाने आपापला खुनी जाहीर केल्याखेरीज तो कुणाला मिळत नसे.

पंतांची मतं तर अशी ठाम, की विचारू नका. "खून कुणी केला यात काय आहे? दुसऱ्या दिवशी त्या घरात चहा कुणी केला, ते सांगा!" भयकथेतलं भूत त्यांना नको असे, भुताच्या धास्तीने पुन्हा पुन्हा कडी तपासणारा माणूस हवा असे. अद्भुत कादंबऱ्यांतल्या राक्षसांवर तर त्यांचा दातच होता. "याला भूक नाही, सर्दी नाही, मग घाबरायचं कशाला?" तेव्हा राजकीय दंगलींपायी शहरात बॉम्ब फुटत, लोक दिवेलागणीच्या आत घर गाठत, आणि आम्ही खोट्या खुनांवरून हमरीतुमरीवर येत असू. ते वेड होतं की आधार, मला आजही कळत नाही.

त्याच दिवसांत मीही एक रहस्यकादंबरी लिहिली. पुण्याचे एक प्रकाशक छापायला तयार होते. मी आधी बाड पंतांना दिलं. महिन्याभराने ते म्हणाले, "बाकी झकास. शेवट चुकलाय." मला इतका राग आला की बाड परतही घेतलं नाही. पण त्यांचा शब्द माझ्यासाठी शेवटचा होता. प्रकाशकांना नकार कळवला, आणि त्यानंतर आजतागायत एक ओळ लिहिलेली नाही.

परवा सुशीलावहिनींनी बोलावून घेतलं. पंतांचं कपाट आवरायचं होतं. आवरता आवरता त्या सहज म्हणाल्या, "भावोजी, शेवटचा फर्मा ह्यांनी कधी वाचलाच नाही हो. शेवट कळला की पुस्तकातली माणसं मेली, म्हणायचे."

"अहो, मग मला 'शेवट चुकलाय' म्हणाले ते?"

"ते काय, सगळ्याच पुस्तकांना म्हणायचे!"

न वाचलेल्या शेवटापायी मी लेखणी खाली ठेवली होती? गेलेल्या माणसावर रागावताही येत नाही, आणि राग तर मावत नव्हता.

"खोटं वाटतं? हे बघा," म्हणत वहिनींनी गठ्ठे पुढे टाकले. पंतांना वाचताना शेजारी मुरी लागायची. मुरी म्हणजे आपले कुरमुरेच, वर मोहरीचं कच्चं तेल. त्यामुळे त्यांनी वाचलेल्या पानापानावर अंगठ्याचा तेलकट डाग. प्रत्येक पुस्तकात डाग चालत येत आणि शेवटच्या फर्म्याच्या अलीकडे थांबत. पुढची पानं कोरी.

तळाशी माझं बाड होतं. मी ते मागून उघडलं. शेवटच्या पानावर डाग होता. त्याच्या आधीच्या पानावरही, त्याच्याही आधीच्या. शेवटच्या पानावर तर एकावर एक, बरेच.

म्हणजे माझा शेवट त्यांनी वाचला होता. एकट्या माझा. पुन्हा पुन्हा. आणि तो चुकला होता... यावर हसावं की रडावं, मला काही कळेना.

"काय झालं, भावोजी?" वहिनींनी विचारलं.

मी चष्मा पुसला आणि शेवटचं प्रकरण मांडीवर घेतलं.

"वहिनी," मी म्हटलं, "घरात मुरी आहे?"