सीडीवरचं नाव

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. पन्नाशीला टेकली तरी बाई एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. कॉम्प्युटरवर काम करतानासुद्धा एक पाय खुर्चीवर, एक जमिनीवर आणि चहा तिसरीकडेच गार होत पडलेला. गाण्यांच्या सीडींची कव्हरं आणि सीडीवरची चित्रं करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. आता सीडी घेतंय कोण, असं नवरा म्हणायचा. त्याचं चुकत नव्हतं, पण ते तिला कोणी सांगायचं?

या वेळची सीडी मात्र तिच्या आईची होती. आई चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत कोरसला गायली. त्या गाण्यांच्या सीडी घरात कपाटभर होत्या आणि एकीवरही तिचं नाव नव्हतं. कोरसची नावं छापायची रीतच नाही. आईने त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. जीव जळायचा तो भिंगरीचा. आता बहात्तराव्या वर्षी आईची स्वतःची आठ गाणी निघणार होती. तीनशे प्रती, रविवारी छोटासा कार्यक्रम. आईचं नाव असं छापायचं की बघणाऱ्याची नजर आधी तिथेच गेली पाहिजे, एवढंच भिंगरीने डोक्यात घेतलं होतं.

म्हणून तिने कव्हर कोरंच ठेवलं. पुठ्ठ्याला मधोमध लहानशी गोल खिडकी कापायची, तिच्यातून आतली सीडी दिसेल, आणि नाव फक्त त्या सीडीवर. ते तिने कडेला ठेवून पाहिलं, पुसलं. वर नेलं, तेही पटेना. चार दिवस जेवतानाही तिची बोटं ताटाच्या काठावरून फिरत होती. शेवटी सीडीच्या मधल्या भोकाला अगदी बिलगून, गोल वळवून तिने नाव बसवलं. बाकी सीडी गडद निळी. फाइल पाठवली तरी जिवाला चैन नव्हती.

शुक्रवारी ती छपाईवाल्याकडे गेली, तिथेच उभ्याउभ्या खोकं फोडलं. खिडकीतून दिसत होतं नुसतं पारदर्शक प्लॅस्टिकचं कडं. दुसरी प्रत काढली, दहावी काढली, सगळ्या तशाच.

भोकाभोवतीच्या त्या कड्यावर आमचं मशीन छापत नाही, छपाई त्याच्या बाहेर सुरू होते, असं छपाईवाल्याने शांतपणे सांगितलं. मापांचा कागद त्याने आधीच पाठवला होता. भिंगरीने तो उघडलाच नव्हता. जुना छापखाना थेट भोकापर्यंत छापायचा. तिथलाच साचा वापरायची सवय तिला भोवली. ज्या कामात ती डोळे मिटून चालायची, त्याच कामात तोंडावर आपटली. भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

आईकडे जाताना तिने गल्लीला दोन फेऱ्या मारल्या. काय सांगायचं हे मनाशी घोकलं, विसरली, परत घोकलं. वर गेली तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हात पुसून तिने कव्हर घेतलं, सीडी बाहेर काढली, उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. निळा रंग किती छान आलाय म्हणाली. शेजारणीला दाखवून येते म्हणून उठायलाही लागली.

आईला काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं. भिंगरीला आईकडून रागावून घ्यायचं होतं, तेही मिळेना. तिला रडू फुटलं.

"आई, त्यावर तुझं नाव नाहीये गं."

आईने पुन्हा सीडी पाहिली. "कुठे असायला हवं होतं?"

भिंगरीने त्या मोकळ्या कड्यावर बोट ठेवलं. झाली ती चूक सगळी सांगितली, काही लपवलं नाही. आई त्या बोटाकडेच बघत राहिली.

"एवढं मधोमध?"

"हो."

आईने सीडी कव्हरात घातली आणि कव्हर लेकीच्या हातात परत दिलं.

"मग परत छाप. रविवारचं पुढे ढकलू. मला ते बघायचंय."