धारूरच्या घाटातला ज्वालामुखी

माजलगावच्या बसस्थानकावर सकाळी सात वाजता मी उभी होते तेव्हा माझ्या पिशवीत होकायंत्र, स्वयंपाकघरातला लांब चिमटा, नातवाचा थर्मामीटर, तीन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढा ऐवज होता. आमचे हे सोडायला आले होते. थर्मामीटर पाहून म्हणाले, "ज्वालामुखीला कणकण आली आहे का?" तो एकशे आठच्या पुढे चढत नाही हे मलाही माहीत होतं, पण शास्त्रीय मोहिमेवर माणसानं अगदीच रिकाम्या हातांनी जाऊ नये. धारूरची बस लागली आणि मी चढले.

झालं होतं असं, की दोन दिवसांपूर्वी माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. धारूरच्या घाटातल्या एका गावामागची टेकडी, तिच्या भेगांमधून निघणारा धूर, मागे तुताऱ्या आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बालाघाटात ज्वालामुखी जागा झाला'. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला कारण आहे आणि ते शेवटी येईलच.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यातली नद्या, पिकं, खनिजं ही प्रकरणं मी नोकरी म्हणून शिकवली आणि ज्वालामुखी हे प्रकरण मनापासून. भिंतीवर ज्वालामुखीचा उभा छेद दाखवणारा तक्ता होता, त्यावर माझ्या पट्टीचे इतके ठोके पडले की मुखाच्या जागी भोक पडलं. दर वर्षी टेबलावर मातीचा डोंगर करून त्यात सोडा, कुंकू आणि व्हिनेगर घालून मी उद्रेक घडवत असे. खरा ज्वालामुखी पाहावा म्हणून निवृत्तीनंतर एका यात्रा कंपनीबरोबर परदेशी बेटावरही जाऊन आले. तिथे तीन दिवस ढग होते. मार्गदर्शक ढगाकडे बोट दाखवून "आत आहे" असं सांगत होता आणि बाकीची मंडळी भात बरा मिळाला म्हणून खूश होती.

भूकंपांचं माझ्याशी याहून वाईट वागणं आहे. ते येतात आणि मला चुकवून जातात. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी नवी सून म्हणून उमापूरला होते. तिकडे जे झालं ते आठवलं की अजून गलबलून येतं, त्यावर मी कधी थट्टा करणार नाही. पण आमच्या घरात काय झालं ते सांगायला हरकत नाही. पहाटे फळीवरची भांडी पडली तसे सगळे अंगणात धावले. सासऱ्यांनी रेडिओ बाहेर आणला, सासूबाईंनी दागिन्यांचा डबा आणला आणि ह्यांनी स्वतःला आणलं. आतल्या खोलीत सून झोपली आहे हे शेजारणीच्या लक्षात आलं. तिनं येऊन मला उठवलं तेव्हा जमीन शांत होऊन बराच वेळ झाला होता. पुढेही दोन-तीनदा धक्के बसले म्हणतात. प्रत्येक वेळी मी एसटीत होते, आणि आमच्या जिल्ह्यात एसटीत बसलेल्या माणसाला भूकंप वेगळा कळणं शक्य नाही.

तेलगाव सोडलं आणि थोड्या वेळानं घाट लागला. रस्त्याच्या कडेला डोंगर कापलेला होता आणि काळ्या खडकाचे थर एकावर एक दिसत होते. शेजारी सीताफळांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी तिला सांगितलं, की हा सगळा डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिनं खिडकीतून नीट पाहिलं आणि म्हणाली, "मंग लई शिळा हाय की." तिनं मला एक पिकलेलं सीताफळ दिलं, बहुधा माझं सांत्वन म्हणून.

कंडक्टरनं गावाचं नाव विचारलंच नाही. पिशवीतून डोकावणारा चिमटा पाहून त्यानं "ज्वालामुखी का?" एवढंच म्हटलं आणि तिकीट फाडलं. उतरल्याबरोबर समोर कापडी कमान होती. तिच्यावर ज्वालामुखी देवस्थान व पर्यटन विकास समितीचे बारा सभासद काळे चष्मे लावून उभे होते. सरपंच सर्वांत मोठे होते. ज्वालामुखी एका कोपऱ्यात होता आणि तोही दुसऱ्या कुठल्या तरी देशातला, कारण त्याच्या पायथ्याशी समुद्र होता.

कमानीखाली नारळाची तीन दुकानं लागली होती. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका आहे असं पहिल्या दुकानात सांगितलं. ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचेस्तोवर मी शास्त्रज्ञ झाले होते, आणि दुसरा चहा आला तेव्हा पुण्याहून आले होते. मी कुणाचं म्हणणं दुरुस्त केलं नाही. सरपंच अदबीनं बोलणारे, पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ होते. त्यांची मागणी साधी होती. वरून पाहणीला साहेब यायचे होते, त्यांच्या हाती द्यायला एक कागद हवा होता.

"मॅडम, तुमी नुसत्या दोन ओळी लिवून द्या, ज्वालामुखी हाय म्हणून," ते म्हणाले. "बाकीचं आमी बगतो."

बाकीचं म्हणजे टेकडीपर्यंत डांबरी रस्ता, भक्तनिवास आणि वर एक दगडी पाटी. पाटीवर 'ज्वालामुखीच्या आद्य संशोधक' असं लिहून खाली माझं नाव कोरायचं ठरलं. मी तोंडानं नको नको म्हणत होते आणि मनात नावाआधी श्रीमती लावायचं की प्राध्यापिका याचा विचार करत होते.

टेकडीला चारी बाजूंनी काटेरी तार घातली होती. आत भगवा झेंडा, हळदीकुंकू आणि उदबत्त्यांचा ढीग. मुरमाच्या भरावाला भेगा पडल्या होत्या आणि त्यांतून करडा धूर संथपणे वर येत होता. जमीन चपलेतून गरम लागत होती. मी चिमट्यात थर्मामीटर धरून भेगेपाशी नेला, पारा सरळ एकशे आठवर जाऊन थांबला आणि समितीनं टाळ्या वाजवल्या.

मग मी डोळे मिटून खोल श्वास घेतला. ज्वालामुखीला गंधकाचा वास येतो, सडक्या अंड्यांसारखा, हे मी तीस वर्षं मुलांना नाक मुरडून सांगितलं होतं. इथे वास येत होता मेंढवाड्याचा. उमापूरला सासरच्या शेतात मेंढ्या बसायच्या, तो वास मी झोपेतही ओळखीन. पहिल्याच श्वासाला मला सगळं कळलं. तरी मी वही काढली आणि लिहिलं, 'प्राथमिक निरीक्षणावरून सदर टेकडी ही'. पुढचा शब्द काही सुचेना. सत्काराची तयारी करायला आणि जेवायला म्हणून मंडळी खाली गेली. मी आणखी निरीक्षण करते असं सांगून मागे राहिले.

तारेच्या पलीकडे बाभळीखाली एक बाई दोन शेळ्या दोरीला धरून केव्हाची बसली होती. तिनं मला जेवायला हाक मारली. तिच्याकडे येसराची आमटी होती (येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ), माझ्याकडे भाकरी आणि चटणी. तारेच्या दोन बाजूंना बसून आम्ही जेवलो. आमटी झणझणीत होती, माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. बाईचं नाव सुंदरबाई. तिचा सगळा संसार शेरडामेंढरांवर. जेवता जेवता तिनं मला ज्वालामुखीचा इतिहास सांगितला आणि तो माझ्या तक्त्यापेक्षा सोपा होता.

या जागी त्यांचा जुना मेंढवाडा होता. वर्षानुवर्षांच्या लेंड्या तिथे साचलेल्या. गेल्या उन्हाळ्यात रस्ता करताना सरपंचांच्या जेसीबीनं सगळा मुरूम त्यावर लोटला. दिवाळीनंतर कुणी तरी वाळलेलं गवत पेटवलं, आग भेगेतून आत शिरली आणि तेव्हापासून खाली लेंड्या धुमसताहेत. तिनं हे समितीतल्या प्रत्येकाला सांगून पाहिलं होतं. देवाच्या जागेला लेंड्या म्हणते म्हणून उलट तिलाच दटावलं. मग तार आली. गावात चरायला मोकळी अशी ही एकच टेकडी, आणि पाण्याचं तळंही तिच्याच मागे. तिची जनावरं आठवडाभर दावणीला होती, पाल्यावर जगत होती. परवाच्या बाजारात ती विकायची असं घरात ठरलं होतं. त्यातल्या निम्म्या शेळ्या गाभण होत्या.

"बाई, तुमी लिवलं तर शेरडं बाजारात जात्यात, न्हाई लिवलं तर रानात," ती म्हणाली. "यवडंच हाय."

मला तिचा राग आला, हे कबूल करते. आयुष्यात एकदाच मला ज्वालामुखी मिळाला होता आणि ही बाई समोर बसून त्याला लेंड्या म्हणत होती. शिवाय ती खरं बोलत होती. मी हात धुतले, उठून भेगेपाशी गेले आणि चिमटा मुठीपर्यंत आत घातला. बाहेर आला तो चिमट्याच्या टोकाला एक लालभडक निखारा होता. मी तो दगडावर ठेवला, निवू दिला आणि फोडून पाहिला. लेंडीच होती. मग मात्र मला माझीच लाज वाटली. वहीतलं पान मी फाडून टाकलं.

आम्ही दोघींनी तार वाकवली. सुंदरबाईनं घरून कुदळ आणि दोन घागरी आणल्या. ती खणत होती आणि मी तळ्यावरून पाणी आणत होते. साठीला टेकलेल्या शास्त्रज्ञाची कंबर त्या चढानं पार मोडली. अकराव्या घागरीला मोठा फुस्स आवाज झाला आणि पांढऱ्या वाफेचा लोट झेंड्याच्याही वर उठला. तो दिसायला फार सुंदर होता. मी प्रत्यक्ष पाहिलेला उद्रेक एवढा एकच, आणि तोही विझण्याचा.

नेमकी त्याच वेळी शाल, श्रीफळ आणि हलगी घेऊन मंडळी वर आली. लोट पाहून काहींनी हात जोडले. तो विरला तेव्हा खड्ड्यात काळ्या लेंड्यांचा चिखल आणि काठावर चिखलानं माखलेल्या आम्ही दोघी उरलो होतो. हलगीवाला दोन ठोके वाजवून थांबला. मी चार वाक्यांत सगळं समजावून सांगितलं. शाळेत अशा वेळी निदान एक तरी मूल मान डोलावतं, इथे कुणीही डोलावली नाही.

"मॅडम," सरपंच रडवेल्या आवाजात म्हणाले, "इजवायला कुनी बोलावलंतं तुमाला?"

शाल त्यांनी दिली, कारण तिची घडी मोडलेली होती. नारळ परत नेला. बसथांब्यापर्यंत मला पोहोचवायला कुणी आलं नाही. सुंदरबाई तेवढी आली, पण तिचाही चेहरा उतरलेला होता. धूर गेला तरी झेंडा आहे, झेंडा आहे तोवर तार राहणार, असं तिचं म्हणणं. मी विझवून तिचा काय फायदा केला हे मलाही सांगता येईना. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली ती मागच्या चाकावर, आणि घाट उतरेपर्यंत माझे दात एकमेकांवर आपटत होते.

घरी आले तर सगळी गल्ली रस्त्यावर. हे अंगणात उभे होते, हातात मोबाइलचा चार्जर. दुपारी साडेचारच्या सुमारास सौम्य धक्का बसला होता, डबे हलले, आरसा पडला. साडेचारला मी घाटात होते, अर्थातच एसटीत. बत्तीस वर्षांत हे स्वतःखेरीज आणखी एक वस्तू बाहेर आणायला शिकले, एवढीच काय ती प्रगती. मी शाल पांघरून ओट्यावर बसले आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

सकाळी सरपंचांचा फोन आला. धक्का तिकडेही जाणवला होता. टेकडीचं तोंड मी बंद केल्यामुळे आतली वाफ कोंडली आणि जमीन हलली, असं साऱ्या गावाचं मत पडलं होतं. ते चिडलेले नव्हते, घाबरलेले होते. मला पुन्हा येऊन ते पेटवता येईल का, असं त्यांनी फार नम्रपणे विचारलं. सोडा आणि व्हिनेगर घरात होतं, पण मी कंबर दुखते असं सांगितलं.

त्यानंतर तासाभरानं सुंदरबाईचा फोन आला. टेकडी परत हलेल या भीतीनं समितीनं रातोरात झेंडा काढून दुसरीकडे नेला होता, आणि सरपंचांनी आपली तारही सोडवून नेली. तिकडे आता कुणी फिरकत नव्हतं. तिच्या बोलण्यामागे मला शेळ्यांचं ओरडणं आणि गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. बाजाराचं रद्द झालं होतं.

"बाई, भूकंप काहून आला त्ये तुमाला ठाव आसंल," ती म्हणाली. "पर आता कुनालाच सांगू नगा."

अशा धक्क्याचा उगम कुठे तरी दूर, खोल खडकात असतो. लेंड्यांच्या वाफेनं जमीन हलत नाही. भूकंप का होतात हा प्रश्न मी तीस वर्षं दर परीक्षेत पाच गुणांना घातला, आणि ज्या मुलांनी चुकीचं उत्तर लिहिलं त्यांना भोपळा दिला. बरोबर उत्तर मला येतं. गावाचं नाव मी लिहिलं नाही ते याचसाठी, कारण धारूरच्या घाटात हे उत्तर माझ्याकडून कुणालाही कळणार नाही.