रिझर्वेशनचा धडा

सोलापुरात मी आठवी-नववीला इतिहास शिकवायचे. नवऱ्याची चेन्नईच्या मोटारींच्या कारखान्यात बदली झाली, आणि तिथे जाऊन मी अमेरिकेचा इतिहास लिहिण्याच्या नोकरीला लागले. हे सांगितलं की माहेरची माणसं आधी हसायची आणि मग विचारायची, अमेरिकेचा इतिहास लिहायला अमेरिकेत कोणी नाही का? आहेत की. पण तो कॉम्प्युटरवर शिकवायचा तर धडे, नकाशे, चित्रं, प्रश्न, शिक्षकांसाठी सूचना असं सगळं सामान तयार करावं लागतं, आणि ते चेन्नईच्या पेरुंगुडी भागात स्वस्तात होतं. तिथल्या पाचवीच्या मुलांनी स्वतःच्या देशाबद्दल काय वाचायचं ते आम्ही लिहीत होतो. आमच्यातल्या एकानेही तो देश पाहिलेला नव्हता.

त्यामुळे गमती पुष्कळ व्हायच्या. पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांचं चित्र काढायचं होतं. आमच्या चित्रकाराने छपराची गाडी अगदी बरोबर काढली आणि तिला जोडले आपले बैल, चांगले उंच वशिंडाचे, शिंगं रंगवलेली. अमेरिकेतल्या क्लायंटकडून मेल आली की बैलांच्या पाठीवरची ती गाठ काढून टाकावी. चित्रकार बिचारा दिवसभर वशिंडं पुसत बसला आणि म्हणाला, आता ही म्हशीसारखी दिसतात.

आमचे मॅनेजर तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलतात, पण ती तमिळच्या चालीवर आणि कुठल्यातरी जुन्या कागदातून उचलल्यासारखी. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "बाई, कॉफी होणा का?" त्यांच्या मराठीत 'होणा' म्हणजे 'पाहिजे', हे कळायला मला थोडा वेळ लागला. ऑफिसात ते सगळ्यांशी इंग्रजीत किंवा तमिळमध्ये बोलायचे. माझ्याशी मात्र मराठी. मला त्याचं अप्रूप वाटायचं, हे कबूल करायला हवं. परक्या शहरात कोणी आपली भाषा बोललं की माणूस विरघळतो.

माझं काम इतरांचे धडे तपासण्याचं होतं. लिहिणाऱ्यांत एक मुलगी होती, विल्लुपुरमजवळच्या गावातली, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली. इतिहासात एम.ए. नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायची की नाही ते त्याच महिन्यात ठरणार होतं. ती पक्की झाली तर धाकट्या बहिणीला शिकायला चेन्नईत आणायचं, असं तिचं चाललं होतं. खोलीसुद्धा बघून ठेवली होती, तिरुवान्मियूरला. ती मला अक्का म्हणायची. इंग्रजी जरा अडखळत बोलायची, पण लिहायची छान, आणि मुलांना विचारायचे प्रश्न तर तिच्यासारखे कोणालाच सुचत नसत.

माझ्या मुलीला कांजिण्या आल्या म्हणून मी रजेवर होते, तेव्हा विल्लुपुरमच्या त्या मुलीकडे एक धडा आला. वरून मुद्दे आले होते चार ओळींचे. सरकारने तिथल्या मूळच्या जमातींना रिझर्वेशन्सवर ठेवलं. त्याचे त्यांच्या जीवनावर काय परिणाम झाले, चर्चा करा. तिने चर्चा केली, मनापासून केली. तिने लिहिलं की सरकारने जमातींना रिझर्वेशन दिलं, त्यामुळे त्यांची मुलं पहिल्यांदा शाळेत गेली, नोकरीला लागली, काहींच्या आया तर मुलाची पदवी हातात धरून रडल्या. काही लोकांना हे आवडलं नाही. शेवटी पाचवीच्या मुलांना प्रश्न होता: रिझर्वेशन हा अन्याय आहे असं तुमचा मित्र म्हणाला, तर तुम्ही त्याला काय सांगाल?

मी नव्हते म्हणून धडा मॅनेजरांनी तपासला. त्यांच्या मुलाला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सीट मिळाली नव्हती. त्या शब्दावर ते एरवीही खार खाऊन असत. नंतर त्यांनी मला सांगितलं, "वाचिलें, अन् मनांत आलें, अमेरिकेंतही हेंच चालिलें आहे कीं." एवढ्यावरच त्यांनी धडा पुढे पाठवला होता. तिला त्या शब्दात जे दिसलं तेच त्यांना दिसलं होतं, फक्त उलट्या बाजूने.

मी परत आले त्या दिवशी तिकडची मेल येऊन पडली होती. हा अडाणीपणा आहे की क्रूर थट्टा, असं त्यात विचारलं होतं. हा धडा एखाद्या जमातीतल्या मुलाने वाचला असता तर, असंही. ज्याने लिहिला त्याला या कामावरून काढावं आणि तसं कळवावं.

ती मुलगी मेलचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिला चूक कळलीच नव्हती. मी तिला नकाशावर दाखवलं. ही जमीन या लोकांची होती. इथून त्यांना हाकललं. मग हा कोरडा तुकडा आखून दिला, की याच्या बाहेर यायचं नाही. या तुकड्याला म्हणतात रिझर्वेशन.

तिने त्या तुकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे चेरी."

चेरी म्हणजे तमिळ गावांतली गावकुसाबाहेरची वस्ती. तिचं घर तिथलंच. मी मान हलवली.

"मग त्याला रिझर्वेशन का म्हणतात?" तिने विचारलं. "चेरीतून बाहेर काढतं ते रिझर्वेशन."

मी म्हटलं, धडा नव्याने लिही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने धडा नव्याने लिहून आणला. मी खूप धडे तपासले आहेत, पण तसा नाही पाहिला. प्रश्न एकच ठेवला होता: तुमच्या घराभोवती कोणी रेघ आखली तर तुम्हाला सगळ्यात आधी कशाची आठवण येईल? मला त्यातला एक स्वल्पविराम हलवावासा वाटला नाही.

तो धडा घेऊन मी मॅनेजरांकडे गेले. सोबत तिकडे पाठवायची एक मेलही लिहिली होती, की आमच्या देशात या शब्दाचा अर्थ असा आहे, हा शब्द म्हणजे हिच्यासारख्यांचं शिक्षण आहे, नोकरी आहे, चूक त्या शब्दाची आहे. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, आपल्या घरच्या भानगडी क्लायंटला सांगायच्या नसतात. मेल गेली नाही. संध्याकाळी क्लायंटकडच्या बाईंशी फोनवर बोलणं झालं तेव्हा मी मॅनेजरांना न जुमानता मध्ये तोंड घातलं. सगळं सांगितलं, मला येत होतं तेवढ्या इंग्रजीत. बाई भल्या होत्या. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे फार रंजक आहे. मग विचारलं, लेखक बदलला का?

मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगते. मला फोन आपटावासा वाटला. मी काय आपटणार? तो टेबलाच्या मधोमध ठेवलेला स्पीकर होता, त्याला आपटायला काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. तिच्याशी ते इंग्रजीत फार गोड बोलले. तुझं काम चांगलं आहे, पण प्रोजेक्ट मोठं आहे, तुझी नोकरी आम्ही पुढे चालवू शकत नाही, दुसरीकडे नक्की मिळेल. ती मान खाली घालून ऐकत होती. तिने नवीन लिहिलेला धडा मी त्यांच्यासमोर ठेवलेला होता, तो तसाच पडला होता. मी म्हणाले, "सर, हा एकदा वाचा तरी. आणि आधीचा तुम्हीच तपासला होता."

ते माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलू लागले. आवाज जराही चढला नाही. कोणाला वाटावं, घरातली चौकशी चालली आहे.

"बाई, तुम्ही उगा जीव जाळितां. रिझर्वेशनांत आलेलें पोर तें. तिज याहून अधिक काय कळावें? तुम्हांस क्लायंट होणा, कीं ती होणा, सांगा."

ती समोर बसली होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, म्हणूनच ते मराठीत बोलले. आणि मी, जिला ती भाषा ऐकून बरं वाटायचं, तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. बोलावं तर तिच्यासमोर त्या वाक्याचा अर्थ उघडा करावा लागणार होता. मी "सर, हे बरं नाही" एवढंच म्हणाले. ते म्हणाले, "बरें नव्हे, तें मजही ठाऊक." आणि कॉफी मागवली.

ती सामान आवरायला गेली. सामान म्हणजे एक शब्दकोश, डबा आणि एसीत पांघरायची शाल. मी तिला खाली सोडायला निघाले. जिन्यात कोणी नव्हतं. अर्ध्या जिन्यावर ती थांबली.

"अक्का, सर मराठीत काय म्हणाले?"

"कामाचंच काहीतरी."

"त्यात रिझर्वेशन होतं. तेवढं कळलं मला."

"त्या धड्याबद्दल बोलत होते," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तिने शाल पिशवीत नीट दाबली.

"धड्याबद्दल असतं," ती म्हणाली, "तर इंग्रजीत बोलले असते."

ती उरलेल्या पायऱ्या उतरून गेली.