मावशींच्या फोटोला हार

शिशुगृहातल्या सुमनमावशींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. परदेशी दत्तक गेलेल्या चिमीचा फोटो आला होता. नव्या खोलीत ती हसत उभी होती. मागच्या भिंतीवर मावशींचा फोटो होता. चिमीनं विसरू नये म्हणून मीच तो तिच्या बॅगेत ठेवला होता. आता त्याला कापडी फुलांचा हार घातलेला दिसत होता.

मी चरकले. जिवंत माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का?

मग आठवलं, चिमीला न्यायला आलेलं जोडपं आमच्या हॉलमध्ये बराच वेळ बसलं होतं. समोर संस्थापकांचे फोटो, प्रत्येकाला हार. इथे माया अशी दाखवतात, असंच त्यांना वाटलं असणार. वय, प्रकृती, मिळकत, पोलिसांचा दाखला, कोर्टाचा हुकूम, सगळ्यांतून ती माणसं पार पडली होती. त्यांची कागदपत्रं मीच लावली होती. पण हाराचं सांगायचं कुणाच्या मनात येणार?

चिमीच्या जन्मदातीचा तर फोटोही नाही. तिला ठाऊक होती ती मावशींची मांडी, आणि आता तीही भिंतीवर गेली. एका आईपर्यंत पोचायला पोरीला किती आया मागे ठेवाव्या लागतात!

"हार काढा म्हणून कळवू का त्यांना?" मी विचारलं.

मावशींनी त्या हारावरून हलकेच अंगठा फिरवला.

"नको. पोरीनं हौसेनं घातला असेल." मग पदरानं मोबाईल पुसत म्हणाल्या, "आणि तिच्यापुरती मी गेलेच की, बाई."