दादांचं स्नोमोबिल

नवी वस्तू स्वतः पैसे मोजून घ्यायची आणि ती आधी दुसऱ्यालाच वापरायला लावायची, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या हिचे मावसभाऊ. मूळचे नागपूरचे, आता आमच्यासारखेच अमेरिकेत बॉथेलला राहणारे, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. आम्ही दोघंही त्यांना दादा म्हणतो. दादांनी नवी गाडी घेतली तेव्हा शोरूमपासून घरापर्यंत ती हिने चालवली. हिला लायसन्स मिळून तेव्हा चार दिवस झाले होते. दादा शेजारी बसून 'वा, वा' म्हणत होते आणि मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसलो होतो. नवा चष्मा केला तर त्यातून पहिला पेपर मला वाचायला लावला. माझा नंबर उणे दोन, त्यांचा अधिक दीड. "काही दिसत नाही, दादा," मी म्हणालो. "पण फ्रेम कशी फिट बसली न जी!" ते म्हणाले. वहिनी म्हणायच्या, "नशीब माझं, बोहल्यावर तरी हे स्वतः उभे राहिले."

अशा माणसाने बावन्नाव्या वर्षी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारसायकलच, घेतलं. ऑफिसातल्या एकाने त्यांना मागे बसवून डोंगरातल्या भुसभुशीत ताज्या बर्फावरून, म्हणजे इथले लोक ज्याला पावडर म्हणतात त्यावरून, फिरवून आणलं होतं. "जावईबापू, तरंगल्यासारखं वाटते जी," दादा सांगायचे. "एकदा तरी स्वतःच्या हातानं चालवायचंच." त्यासाठी त्यांनी मागच्या चाकाऐवजी साडेतेरा फुटी फिरता पट्टा असलेलं, खास डोंगरातलं मशीन आणलं, ते डिसेंबरात. पण पहिला मान जावयाचा. माझी फेरी झाल्याशिवाय ते स्वतः बसणार नव्हते.

मी बारा शनिवार टाळले. कधी हिमकडा कोसळण्याचा इशारा, कधी घाटातली वाहतूक, कधी मशीनचं वजन भागिले आमच्या दोघांची ताकद. प्रत्येक वेळी माझ्याकडे आकडे होते आणि ते बरोबर होते. दादा ऐकून घ्यायचे. "बरं, मग पुढच्या शनिवारी," म्हणायचे आणि गॅरेजमध्ये जाऊन मशीनवरची धूळ पुसायचे.

शेवटी मार्चमध्ये गेलो. ताजा बर्फ अठ्ठावीस इंच. दादांनी हँडलला हळदकुंकू लावलं आणि नारळ खाली आपटला. तो आवाज न करता आत गेला तो गेलाच. दुसरा त्यांनी फावड्याच्या पात्यावर फोडला. मग हँडलवरचा, अंगठ्याने दाबायचा वेगाचा खटका दाखवून मला बजावलं, "काहीही झालं तरी थ्रॉटल सोडू नका. थांबले की रुतले."

पण मी शंका आली की वेग कमी करणारा माणूस. मोकळ्या बर्फात एक वळसा घेतल्यावर समोर दोनशे फुटांवर झाडांची रांग दिसली आणि थ्रॉटलवरचा माझा अंगठा आपोआप उठला. मशीन सीटपर्यंत खाली गेलं.

"पेरून टाकलं न जी मशीन!" दादा हसत हसत फावडं घेऊन आले. खणून काढायला एक तास दहा मिनिटं लागली. फावडं एकच होतं आणि दादा मला त्याला हात लावू देत नव्हते. मशीन मोकळं झालं तेव्हा मी उतरून उभा राहिलो.

"बसा," दादा म्हणाले. "अर्धी फेरी धरत नाही आपण. पुरी करा."

तेव्हा मी 'आता तुम्ही बसा' म्हणायला हवं होतं. दोन सेकंदांचं काम. पण मला माझी चूक सुधारायची होती. मी बसलो, थोडा पुढे गेलो, आणि उतारावर पुन्हा अंगठा उचलला.

या वेळी दादा वीस मिनिटं खणत होते. मग कमरेवर हात ठेवून तसेच वाकलेले राहिले. "काही नाही, लचक भरली," म्हणाले, पण त्यांना सरळ होता येईना. मशीन शेवटी तिथे आलेल्या एका अनोळखी गोऱ्याने बाहेर काढलं आणि चालवत नेऊन आमच्या गाडीमागच्या ट्रेलरवर चढवून दिलं. दादांच्या मणक्यातल्या दोन चकत्या सरकल्या होत्या. धक्के बसतील असं काही आता कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. उलट आमची ही भेटायला गेली तेव्हा म्हणाले, "जावईबापूंची फेरी पुरी नाही झाली बघ."

मशीन दोन हिवाळे गॅरेजमध्ये तसंच होतं. मग एक तरुण मुलगा ते विकत घ्यायला आला. मीही मदतीला गेलो होतो. त्याने मीटर पाहिला. नऊ दशांश मैल. त्यातले सात माझे, दोन त्या अनोळखी माणसाचे.

"मीटर बिघडलाय का?" त्याने विचारलं.

"मीटर एकदम ठीक आहे," दादा त्याला इंग्रजीत म्हणाले. "आमच्या जावयाने चालवलंय ते. फार जपून चालवतो तो."

हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. मी ट्रेलरचे पट्टे आवळत होतो. ते आवळून झाले तरी मान वर करायला मला बराच वेळ लागला.