वांग्याला आमेन

सेलूतले माझे घरमालक जिथे जिथे ‘आमेन’ म्हणाले, तिथे तिथे देव खरोखर हजर राहिला असेल, तर त्या बिचाऱ्याला रविवारी चर्चमध्ये पोचायला उशीरच होत असणार. एसटीच्या वर्कशॉपातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले हे काका चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि उरलेले सहा दिवस जगाला कान लावून बसायचे. एसटी पहिल्या फटक्यात चालू झाली, आमेन. कोणाच्या गच्चीवर वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं फुगलं, आमेन. चहाच्या टपरीवर जुन्या सिनेमातलं प्रेमगीत लागलं की ते डोळे मिटून घ्यायचे आणि हातातल्या चहावर साय धरायची. मी शाळामास्तर, चूक दाखवल्याशिवाय राहवत नाही. एकदा म्हटलं, काका, ती बाई तिच्या प्रियकराला बोलावते आहे. ते म्हणाले, ‘ते तिले वाटते. आवाज तं वर जाऊन राह्यला.’

बाजारात वांगी विकणारी एक मावशी होती. काका तिच्या ढिगापुढे उकिडवे बसत, एक वांगं उचलून देठापासून बुडापर्यंत उन्हात फिरवत आणि हळूच म्हणत, आमेन. मावशीला ते ‘आ, मेन’ असं ऐकू यायचं. आमच्याकडे पहिल्या प्रतीच्या मालाला मेन माल म्हणतात, तेव्हा वांगी पास झाली, असा सरळ अर्थ तिनं लावला. काकांनी पारखलेलं वांगं ती ढिगाच्या वर ठेवी आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगे, आमेन माल हाय. मी हा घोळ निस्तरायला निघालो, तर काकांनी माझा दंड धरला. ‘काऊन सांगतं? बरोबरच तं म्हनून राह्यली ते.’ वांगी मांडताना मावशी एकच ओळ गुणगुणायची, ‘काट्याआड वांगं, माय, जांभळं जांभळं’. त्या ओळीपायी काका गरज नसताना वांगी घेत आणि निम्मी माझ्या खोलीवर पाठवत. त्या वर्षी मी इतकी वांगी खाल्ली की शाळेतल्या डब्याची चेष्टा सुरू झाली.

घोडं अडलं ते चर्चमध्ये. एका रविवारी प्रार्थनेआधीच्या शांत वेळी काकांनी पेटीवर वरातीतल्या बँडची चाल धरली. वाजवली अगदी संथ, पण पायांना कोण फसवणार? दोन-तीन बाकांखालून ठेका सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी कमिटी बसली. पाळकसाहेब मवाळ माणूस, त्यांचं काही चाललं नाही. सिनेमा-वरातीच्या चाली वाजवणार नाही असं लिहून द्या, नाहीतर पेटीची चावी द्या, असा निकाल झाला. काकू गेल्यापासून त्या पेटीखेरीज काकांचं कशातच मन लागत नसे, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, देतील लिहून. त्यांनी खिशातून चावी काढली आणि टेबलावर ठेवली. ‘चावी ठेवा तुमी. पन देवानं कोनत्या गान्यात बसाचं, हे त्याले सांगनारा मी कोन?’

पुढच्या रविवारपासून ते वेळेवर चर्चला जात, शेवटच्या बाकावर बसत आणि मुकाट्यानं घरी येत. जेवताना त्यांची बोटं ताटाच्या कडेवर चालायची. मला ते बघवेना. बाजारात मावशीनं विचारलं तेव्हा मी तिला समजेल असं सांगायला गेलो की, काकांचं आमेन तिथल्या लोकांना पटत नाही, म्हणून त्यांची पेटी काढून घेतली. मावशीनं काय ऐकलं ते मला नंतर कळलं.

पिकांच्या उपकारस्तुतीचा रविवार आला. वेदीपुढे ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं आणि भोपळे मांडले होते. काकांच्या आग्रहावरून मीही गेलो होतो. पेटीवाचून गाणं चारी दिशांना पांगत होतं. तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेली मावशी दारात चपला काढून टोपलीसकट आत आली, थेट वेदीपुढे गेली, टोपली भोपळ्यांशेजारी ठेवली आणि मंडळींकडे वळून म्हणाली, आमेन माल हाय. सवयीनं सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, ‘आमेन.’

मावशीचं समाधान झालं. ‘पाहा, आता तुमीबी म्हटलं. या दादाची पारख कदी चुकली नाई.’

कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी कमिटीकडे न बघता खिशातून चावी काढली, ते शेवटच्या बाकापाशी आले आणि काय वाजवाल, एवढंच विचारलं. चावी हातात पडायच्या आधी काका म्हणाले, ‘मावशीचंच.’ आणि तेच वाजवलं. तीच एक ओळ, पुन्हा पुन्हा, कमिटीसकट सगळ्यांनी म्हटली. मी चर्चचा नाही, गाण्यातलंही मला कळत नाही, पण माझे डोळे भरून आले.

पुढे माझी समुद्रपूरला बदली झाली. काका शेवटपर्यंत पेटीवर होते, असं ते गेल्यावर आलेल्या फोनवर कळलं. सेलूला काकांच्या घरी जाऊन येताना बाजारात गेलो. मावशीनं मला लगेच ओळखलं. ढिगातलं एक वांगं उचललं आणि माझ्या हातात दिलं. ‘पाहा बरं, सर. आता कोनी सांगतच नाई.’ मी ते देठापासून बुडापर्यंत उन्हात फिरवलं. चांगलं होतं. मेन आहे, मी म्हणालो.

‘तसं नाई,’ ती म्हणाली. ‘त्याइच्यासारकं म्हना.’

मग मी म्हटलं.